यांच्याच गाडीवर

लखनलाल बिसेन यांच्या छातीत जे दुखलं तो गॅस होता, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. पण रुक्माबाईंनी नवस आदल्या संध्याकाळीच बोलून टाकला होता, आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

साळ्याच्या मुलाचं साक्षगंध होतं. उडदाचे वडे झाले होते. किती खाल्ले हे लखनलालांनी डॉक्टरांना सांगितलं नाही आणि आपणही त्यांना उघडं पाडायचं कारण नाही. तिरोड्याला परत आले, छाती धरून ओसरीवर बसले, आणि शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली. त्या गाडीच्या पुढच्या काचेवर ड्रायव्हरनं नेपाळच्या पशुपतिनाथाचा फोटो चिकटवला होता. आता, तिथं आपल्या अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडच्या महादेवाचा फोटो असता, तर सगळं प्रकरण एका दुपारीत आटोपलं असतं. कचारगडच्या डोंगरावरचा असता तर फार तर गुडघे दुखले असते. पण समोर दिसले पशुपतिनाथ. रुक्माबाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि डोळे मिटून म्हटलं, "देवा, यांना ठीक कर. यांच्याच गाडीवर, यांच्या मागं बसून, तुझ्या दाराशी येईन."

हे पुन्हा गाडी चालवण्याइतके धडधाकट व्हावेत, इतकाच त्याचा साधा अर्थ. पण नवसाचा अर्थ लावत बसत नाहीत, नवस फेडतात.

रुक्माबाई सोमवार करत, एकादशी करत, चतुर्थी करत, आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोट घेत नसत. बोलणं इतकं हळू की ते ऐकायला घरातला पंखा बंद करावा लागे. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं फार अवघड होतं. लखनलाल तावातावानं चार वाक्यं बोलत, समोरून काहीतरी पुटपुटल्यासारखं होई, आणि ठरलेलं तेच राही.

"अवो, पण तो गॅस होता!" लखनलाल म्हणाले.

"देवाले काय माहीत जी? मी तं हार्टसाठीच बोलली होती."

"देवाले माहीत नसंल तं कोणाले माहीत असंल?"

"मंग त्याले माहीत असूनही त्यानं ठीक केलं ना," रुक्माबाई म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या.

मुलगा खुमेंद्र पुण्याला नोकरीत होता. त्यानं फोनवर विमानाची तिकिटं देऊ केली. "बाबूजी, दोघं आरामात जा." रुक्माबाईंनी फोन हातात घेतला. "गाडीवर बोलली ना मी, रे बाबू." खुमेंद्र तिकडून "काय? काय? आई, आवाज नाही येऊन राहिला" करत राहिला, पण उत्तर देऊन झालं होतं.

आता लखनलालांची खरी काळजी. बाराशे-तेराशे किलोमीटरचा रस्ता, साठी ओलांडलेली कंबर आणि शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक झालेली हंड्रेड सीसीची गाडी, ही काळजी होतीच, पण ती लोकांना दाखवायची. आतली काळजी वेगळी होती आणि ती जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती. ज्या गाडीवर बसून हा नवस फेडायचा होता, ती गाडी 'यांची' नव्हतीच. कागदोपत्री ती रुक्माबाईंची होती.

झालं होतं असं. लखनलाल पाटबंधारे खात्यात बाबू होते, चोरखमारा तलावाच्या कामावर. तेव्हा त्यांच्याकडे एक स्कूटर होती. एका दुपारी ती स्कूटर भरल्या कालव्यात गेली. लखनलालही सोबतच गेले. दोघांनाही बाहेर काढलं, पण स्कूटर काही पुन्हा बोलली नाही. मग पंडितजींनी पत्रिका पाहून सांगितलं की, बाबू, तुमच्या नावावरचं वाहन पाण्याकडे ओढ घेते. पुढची गाडी घरातल्या लक्ष्मीच्या नावानं घ्या. लखनलालांनी घेतली. रुक्माबाईंना विचारायची गरज पडली नाही, कारण त्या घरात कामाची एक पद्धत पडून गेली होती. लखनलाल कागद पुढे ठेवत, बोट ठेवून "इथं" म्हणत, आणि रुक्माबाई सही करत. विमा, राशन, बँक, घरकर, सगळं असंच. त्यातच गाडीही झाली. एका गाडीची मालकीण पोळ्या लाटता लाटता उठून सही करून गेली आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसली.

बायकोला सांगितलं का नाही? आधी वाटलं, सांगू. मग कालव्याचा विषय निघेल. तो निघाला की कालव्यात गाडी कशी गेली हा विषय निघेल, आणि तेव्हा आपण एका हातानं बोरं खात होतो हे कबूल करावं लागेल. म्हणून राहिलं. काही गोष्टी अशाच राहतात आणि मग जुन्या होऊन घरातल्या माणसासारख्या वावरतात.

"तिकडं गाडीचे कागद कोण पाहते," असं म्हणत त्यांनी स्वतःला धीर दिला होता. तो धीर शेजाऱ्यांनी घालवला.

पहिले आले केवळरामभाऊ. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे चाकं असलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या घातल्या, मागच्या टायरला लाथ मारून पाहिली आणि मान हलवली.

"बिसेन बाबू, हे गाडी जाईन. तुम्ही नाही जाणार."

"काऊन?"

"तुमची बसाची पद्धत चुकीची हाये. तुम्ही खुर्चीवर बसल्यावानी बसता. दोनशे किलोमीटरमधी कंबर जाईन."

दुसरे आले किराणावाले मुन्नालाल. हे तरुणपणी कधीतरी यात्रा कंपनीच्या बसनं काठमांडूला जाऊन आले होते, आणि त्या प्रवासावर त्यांचं गल्लीतलं सगळं वजन उभं होतं. त्यांनी पोत्यावर बसून सांगितलं, "रास्ता बढ़िया है, बाबूजी. पूरे रास्ते एक तरफ़ पहाड़, एक तरफ़ नदी."

लखनलालांना ती नदी आवडली नाही.

"और बॉर्डर पे गाड़ी का परमिट बनता है. भन्सार बोलते हैं. वहाँ पूछते हैं, मालिक कौन? मालिक को सामने खड़ा करते हैं. बीच में कोई बिचौलिया नहीं चलता."

"सामने म्हणजे? मोठ्यानं विचारतात?"

"लाउडस्पीकर पे."

त्या दिवशी लखनलाल जेवले नाहीत. रुक्माबाईंना वाटलं पुन्हा गॅस. त्यांनी ओवा दिला.

दुसऱ्या दिवशी लखनलाल गोंदियाला गेले. परिवहन कार्यालयाच्या रस्त्यावर चंद्रकुमार नावाचा एजंट छत्री लावून बसत असे. त्याला त्यांनी आवाज खाली करून सांगितलं की, एक गाडी बायकोच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर करायची आहे, आणि बायकोला कळू द्यायचं नाही.

चंद्रकुमारनं त्यांच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. "घरामधी काही वांधा चालू हाये का?"

"छे छे! धार्मिक कारण हाये."

"असं काय. मंग सोपं हाये. सगळं ऑनलाइन झालं आता. वहिनीच्या मोबाइलवर ओटीपी जाईन, तो मले सांगजा. बस."

लखनलाल खुशीत घरी आले. दुपारी रुक्माबाईंच्या मोबाइलनं टिंग केलं. तो मोबाइल त्या आरत्या ऐकायला वापरत आणि देवघरात ठेवत. लखनलाल सहज गेल्यासारखे देवघराशी गेले.

"रुक्मा, एक नंबर आला असंल त्यात. वाचून सांगजो जरा."

"ओटीपी हाये जी."

"हाव, तोच."

"ते सांगत नसतात कोणाले. बँकेतली बाई बोलली होती. हरदम मेसेज येते, कोणालाच सांगू नका."

"मी कोण हाओ मंग?"

रुक्माबाईंनी विचार केला. त्या कधीच घाईत उत्तर देत नसत. "तुम्ही माहे सर्वस्व हा जी. पण नवऱ्याले सांगा असं त्यात लिवलं नाही."

"मी तुहा नवरा हाओ, चोर नाही!"

"तुम्ही चोर कायले होसान. पण आज तुम्हाले सांगितला, उद्या खुमेंद्र मागंल, परवा मुन्नालाल मागंल. नेम म्हणजे नेम." आणि मोबाइल पदराखाली गेला. चंद्रकुमारनं तीनदा ओटीपी पाठवला. तिन्ही वेळा देवघरात पदराखालून टिंग आलं, आणि तिन्ही वेळा लखनलाल देवासमोर नुसते उभे राहून परत आले. रुक्माबाईंना मात्र समाधान वाटलं. नेपाळला जायचं ठरल्यापासून यांचं देवाकडे येणं वाढलं होतं.

निघायच्या दिवशी गल्ली लोटली. गाडीला हार, हँडलला लिंबू-मिरची, मागे दोन पिशव्यांत तांदूळ, कारण तिकडचा तांदूळ कसा असेल याची खात्री नव्हती. आणि पुढे, पेट्रोलच्या टाकीवर, दोरीनं करकचून बांधलेली तुळशीची कुंडी. पाणी घालण्याचा नेम मोडायचा नव्हता, आणि परक्या गावी रोज तुळस कुठं शोधायची? केवळरामभाऊंनी ते पाहून डोळे मिटून घेतले. "माह्या नोकरीत मी बकऱ्या नेल्या, कोंबड्या नेल्या," ते म्हणाले, "पण वृंदावन नाही नेलं."

गाडीची कागदं लखनलालांनी प्लास्टिकमध्ये घालून बनियनच्या आत, छातीशी ठेवली होती. बालाघाट येईपर्यंत त्यांनी ती सात-आठ वेळा चाचपली. रुक्माबाई मागून पाहत होत्या.

"छातीत दुखून राहिलं का जी?"

"नाही."

"मंग हात काऊन ठेवता?"

"असंच. हवा लागते."

केवळरामभाऊंची भविष्यवाणी जबलपूरच्या अलीकडेच खरी ठरली. कंबर गेली. त्यानंतर लखनलाल गाडीवरून उतरत ते उतरल्यावरही गाडीवर बसल्याच्याच आकारात राहत, आणि सरळ व्हायला त्यांना झाडाचा आधार लागे. रुक्माबाई मात्र मागे एका बाजूनं पाय सोडून, हातात जपमाळ घेऊन बसल्या होत्या, जशा काही ओसरीवर. खड्डा आला की "शिव शिव" म्हणत. रस्ता मध्य प्रदेशातला होता, तेव्हा शिवाचं नाव पुष्कळ झालं. धर्मशाळेत सकाळी उठून त्या तुळशीला पाणी घालत आणि गळलेली पानं वेचून पदराला बांधत. वाऱ्यानं झोडपून तुळस रोज थोडी थोडी टक्कल पडल्यासारखी होत चालली होती. लखनलालांना तिच्याबद्दल बंधुभाव वाटायला लागला होता.

मैहरच्या पुढे एका नाक्यावर पोलिसानं हात केला.

"कागज़."

लखनलालांनी बनियनमध्ये हात घातला. पोलिसानं कार्ड उलटसुलट केलं, गाडीचा नंबर पाहिला आणि तोंड उघडलं. "गाड़ी किसके नाम पे..."

इथं लखनलालांना खोकला आला. साधा नाही. कालव्यात पडले तेव्हाही इतका आला नसेल असा. पोलीस दोन पावलं मागे सरला. पण तेवढ्यात लखनलालांच्या कानावर एक फार बारीक आवाज आला. रुक्माबाई गाडीवरून उतरल्या होत्या, मैहरच्या टेकडीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि हात जोडून म्हणत होत्या, "हे शारदामाई, यांचा खोकला थांबव. यांच्या हातानं तुह्या साऱ्या पायऱ्या..."

खोकला जागच्या जागी थांबला. इतका पटकन थांबला की पोलिसालाही संशय आला.

"ठीक हाये! एकदम ठीक!" लखनलाल ओरडले. "रुक्मा, पुढं बोलू नको! अजून काही बोलली नाही ना?"

"नाही जी. पायऱ्यांपर्यंतच आली होती."

पोलिसानं कार्ड परत केलं आणि जा म्हणून सांगितलं. तुळस बांधलेली गाडी चोरीची नसते, असा काहीतरी त्याचा हिशेब झाला असावा. एक नाका निभावला. सीमेवर खोकून चालणार नव्हतं.

सोनौलीला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर कमान, कमानीपलीकडे दुसरा देश, आणि मध्ये ट्रक, रिक्षा, सायकली, यात्रेकरू यांचा असा चिखल की गाडीवर बसून जाणं शक्यच नव्हतं. गाडी लोटतच दोघं कमानीखालून गेले. परदेशात पाऊल टाकण्याचा क्षण आयुष्यात एकदाच येतो, तो लखनलालांनी एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं तुळस सावरत घालवला. पलीकडे 'भन्सार' लिहिलेली पाटी होती आणि खिडकीसमोर रांग.

लखनलालांनी मनात योजना केली होती. बायकोला लांब बसवायचं. "तू तिथं चहाच्या दुकानात बस. ऊन हाये. मी कागदं करून आणतो."

"मी उभी राहते ना सोबत."

"नको! आराम कर. उपास हाये तुहा."

उपास नव्हता, पण रुक्माबाईंना ते ऐकून आपलाच काही नेम चुकला की काय असं वाटलं आणि त्या बोटांवर तिथी मोजत दुकानाकडे गेल्या.

खिडकीत अर्याल नावाचे अधिकारी होते. कपाळावर लाल टिळा, नाकावर चष्मा, आणि हिंदी शुद्ध. त्यांनी कार्ड पाहिलं, लखनलालांकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"मालिक कहाँ हैं?"

"मुझे ही समझिए, साहब."

"समझना नहीं है. देखना है."

"पत्नी हैं मेरी. थक गई हैं. मैं उनकी तरफ़ से..."

"सामने आकर हाँ बोल दें, मुहर लगा दूँगा. मालिक साथ में है तो कोई दिक़्क़त ही नहीं," अर्यालसाहेब प्रेमानं म्हणाले. आणि लखनलालांनी "नको नको" म्हणेपर्यंत त्यांनी माइक जवळ ओढला.

"रुक्माबाई लखनलाल बिसेन! रुक्माबाई लखनलाल बिसेन!"

चहाच्या दुकानात रुक्माबाईंनी आपलं नाव ऐकलं. आकाशातून आल्यासारखं. पशुपतिनाथाच्या देशात पाय ठेवून तासही झाला नव्हता, इथं आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारत होतं. त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालत निघाल्या. आवाज खिडकीपाशी संपला. तिथं देव नव्हता. नवरा होता, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बहन जी, यह मोटरसाइकिल आपकी है न?"

"नाही जी. इनकी है."

अर्यालसाहेबांनी कार्ड काचेला लावलं. "यहाँ तो आपका नाम है."

रुक्माबाईंनी आपलं नाव वाचलं. मग सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. लखनलालांना आता सगळं सांगावंच लागलं. पंडितजी, पत्रिका, पाण्याची ओढ, 'इथं' म्हणून ठेवलेलं बोट. इतकं सांगायला लागल्यावर बोरंही बाहेर आली. रांगेतल्या माणसांनी सगळं मन लावून ऐकलं.

रुक्माबाई रागावल्या की आणखी हळू बोलत. या वेळी त्यांचे नुसते ओठ हलले.

"काय बोलली?" लखनलालांनी कान पुढे केला.

"म्हणजे," रुक्माबाई म्हणाल्या, "इथवर मी माह्याच गाडीवर बसून आली. देवाले बोलली यांच्या गाडीवर, अन् आणली माही. हा नवस नाही झाला जी. वापस चला. तुमच्या नावावर करू, अन् मंग पुन्हा निघू."

लखनलालांच्या डोळ्यांसमोरून मैहर, जबलपूर, बालाघाट उलट्या क्रमानं गेले. मग पुन्हा सुलट्या क्रमानं आले. कंबरेतून एक कळ निघाली आणि थेट टाळूपर्यंत गेली. छातीतही काहीतरी झालं. ते खरं होतं की गॅस, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण ते चेहऱ्यावर दिसू न देण्याइतकी अक्कल त्यांना मैहरनं शिकवली होती.

"बहन जी," अर्यालसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "गाड़ी आपकी नहीं, तो काग़ज़ पर नाम कैसे? और नाम आपका है तो गाड़ी आपकी कैसे नहीं?"

"पीछे वालों का भी सोचो, अम्मा," रांगेतला एक ट्रकवाला म्हणाला. "बोल दो अपनी है. आदमी भी तो अपना ही है."

"झूट नाही बोलत मी, भाऊ."

"झूठ कहाँ है? लिखा हुआ है!"

"लिखा है तं मेरी है. मेरी है तं नवस खोटा. इनकी बोलूँ तं साहेब खोटा." रुक्माबाईंचा आवाज कापला. "मी देवाले काय सांगू?"

लखनलाल इतकी वर्षं ऑफिसात लोकांची कामं अडलेली पाहत आले होते, पण एखाद्या माणसाचं काम असं अडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या खोट्यापायी नाही, स्वतःच्या खरेपणापायी. त्यांना पहिल्यांदा कंबरेपेक्षा दुसरं काहीतरी जास्त दुखलं.

"चाल," ते म्हणाले. "वापस जाऊ. पुन्हा येऊ. मी आणीन तुले." आणि खिडकीतून कार्ड घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

रुक्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरळ होता न आलेला तो बाकदार माणूस, धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि कार्डाकडे गेलेला हात. मग त्यांनी टाकीवरच्या तुळशीकडे पाहिलं. मग सूर्याकडे. सूर्य ट्रकांच्या टपांवर टेकला होता, अजून बुडाला नव्हता.

"थांबा जी." त्या खिडकीशी गेल्या. "साहेब, मी हो बोलली तं शिक्का लगेच मारता?"

"अभी."

"अन् शिक्का मारल्यावर माह्या गाडीचं मी काही बी करीन? विकीन, दान देईन? नियमात बसते?"

"परमिट की तारीख़ तक गाड़ी वापस ले जाइए. बाक़ी आपकी चीज़, आप जानें."

"मंग लिवा," रुक्माबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा अशा म्हणाल्या की दूरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. "गाडी मेरी है!"

धाप्पकन शिक्का बसला.

मग त्यांनी लखनलालांना गाडीपाशी, पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. तुळशीला हात जोडून क्षमा मागितली, आणि दिवस मावळायच्या आत तिच्या डोक्यावर उरलेल्या पाच-सहा पानांतलं एक अलगद खुडलं. नवऱ्याच्या उजव्या हातावर ते ठेवलं. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. तिथी म्हटली, वार म्हटला, गोत्र म्हटलं. गाडीचा नंबर आठवेना, तो ट्रकवाल्यानं वाचून सांगितला. आणि पाणी सोडलं.

"ये क्या हो रहा है?" मागच्या कुणीतरी विचारलं.

"ट्रांसफ़र," ट्रकवाला म्हणाला. "आरटीओ से तेज़ है."

अर्यालसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर वाकले होते. संकल्पात एक शब्द रुक्माबाईंकडून राहिला, तो त्यांनी आतून भरला.

लखनलालांचा तळवा ओला होता. त्यावर एक हिरवं पान होतं. तोंडातून जुन्या सवयीनं निघून गेलं, "अन् पावती?"

"हे काय, तुमच्या हातात हाये," रुक्माबाई म्हणाल्या. "साहेबाच्या कागदात माही हाये, देवाच्या इथं तुमची. शिक्का मारला तवा मी खोटं नाही बोलली, अन् दाराशी जाईन तवाही खोटी नाही पडणार. कमानीतून देवाच्या मुलखात तं आपण लोटतच आणली, बसलो कुठं होतो? ओटीपी बी नाही लागला."

लखनलालांनी ते पान काळजीपूर्वक प्लास्टिकमध्ये, कागदांच्या शेजारी ठेवलं आणि सगळं पुन्हा छातीशी. नवस टळला नव्हता. परत जाणं मात्र टळलं होतं. सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. ट्रकवाल्यानं टाळ्या वाजवल्या, अर्यालसाहेबांनी "जय पशुपतिनाथ" म्हटलं, लखनलाल किंचित सरळ झाले आणि ताठ मानेनं स्वतःच्या गाडीवर बसले.

किक मारायला पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

स्वतःच्या गाडीवर. त्यांना पंडितजी आठवले. कालवा आठवला, त्यातलं ते गार पाणी, कानात शिरलेलं. आणि पोत्यावर बसलेले मुन्नालाल आठवले. पूरे रास्ते एक तरफ़ पहाड़, एक तरफ़ नदी.

"काय झालं जी?"

"काही नाही," लखनलाल म्हणाले. "नदी डाव्या हाताले लागते का उजव्या, ते विचारून येऊ का?"

रुक्माबाई मागे नीट बसल्या, पदर खोचला, जपमाळ काढली. मग पुढे वाकून, नवऱ्याच्या कानाशी अगदी हळू, पंखा बंद करून ऐकावं लागेल इतक्या हळू म्हणाल्या,

"सांभाळून चालवजा जी. आता गाडी तुमची हाये."